बंदर इथं, गोदाम तिथं

न्हावा-शेवाच्या धक्क्याला लागलेल्या एखाद्या मोठ्या जहाजातून वीस फुटी मापाचे पाच हजार कंटेनर उतरले आणि ते एकामागे एक रस्त्यावर मांडले, तर तीस किलोमीटरची रांग होते. जासई, गव्हाण फाटा मागे टाकत ती पार पनवेलला टेकते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदरातून आलेले-गेलेले, भरलेले-रिकामे असे सगळे मिळून वीस फुटी हिशेबानं सुमारे ७३ लाख कंटेनर हलले. त्यांची रांग लावली तर विषुववृत्ताला एक पूर्ण वेढा बसून वर चार हजार किलोमीटरचं शेपूट उरेल. हे सगळं उरण तालुक्यातल्या एका खाडीकाठावरून.

मला मात्र या आकड्यापेक्षा पुढच्या गोष्टीचं नवल जास्त वाटतं. एवढे डबे उघडायचे कुठं? कंटेनर प्रवासापुरता. कुठंतरी सील तुटणार, दार उघडणार, माल रॅकवर चढणार आणि मग छोट्या गाड्यांत बसून दुकानांकडे नि कारखान्यांकडे निघणार. साधी अक्कल सांगते की ही जागा बंदराला खेटून हवी. पण देशातल्या सर्वांत मोठ्या गोदामवस्त्यांपैकी एक वसलीय भिवंडीत. कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास असा सगळा जाच सोसून साठेक किलोमीटर लांब. बरं, भिवंडी म्हणजे मागांचं गाव; समुद्राशी तिचा संबंध आला तो खाडीपुरता. मग हे झालं कसं?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात एका लाकडी फळीतून होते. फळीला तीन ठिकाणी भोकं पाडा. तीन दोरे घ्या, त्यांची एकेक टोकं एकत्र गाठ मारून बांधा, उरलेली टोकं भोकांतून खाली सोडा आणि प्रत्येकाला वजन लटकवा. फळी उंच धरून गाठ मोकळी सोडा. ती सरकते, जराशी थरथरते आणि थांबते. हाताने ओढून दुसरीकडे नेली तरी परत त्याच जागी येऊन बसते. पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ही चौकट ओळखली जाते. माणूस १७२२ साली वारला. त्यानंतर जवळपास दोन शतकांनी, १९०९ मध्ये, आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं (समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचा हा धाकटा भाऊ) कारखाना कुठं काढावा या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं गणिती परिशिष्ट गणितज्ञ गेओर्ग पिक यांनी लिहून दिलं, आणि ही फळी अर्थशास्त्रात आली. भोकं म्हणजे खाण, बंदर, बाजारपेठ. वजनं म्हणजे तिकडून आणायचा किंवा तिकडे न्यायचा माल. आणि गाठ म्हणजे कारखाना, किंवा आपल्यापुरतं बोलायचं तर गोदाम.

गाठ बरोबर तिथंच का थांबते, हे कळलं की अंगावर काटा येतो. प्रत्येक वजनाला जमिनीकडे जायचंय. तिघं मिळून जितकं खाली जाता येईल तितकं जातात. वजन खाली गेलं म्हणजे फळीवरचा दोरा तेवढा आखूड झाला. म्हणजे ‘वजन गुणिले दोऱ्याची लांबी’ ही तिघांची बेरीज कमीत कमी झाली की हालचाल थांबते. आता वजनाच्या जागी टन लिहा आणि लांबीच्या जागी किलोमीटर. झालं की वाहतुकीचं बिल! पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आपल्यासाठी सगळ्यांत स्वस्त जागा शोधून देतं, आणि तेही पापणी लवायच्या आत. तिन्ही वजनं सारखी असतील तर काय, हे कोडं सतराव्या शतकात गणितज्ञ फर्मा यांनी घातलं आणि टॉरिचेल्लीनं सोडवलं: त्रिकोणाचा एखादा कोन फारच पसरट नसेल तर तिन्ही दोऱ्यांमध्ये १२०-१२० अंशांचे कोन पडतात. भोकं वाढत गेली की असं नेटकं उत्तर उरत नाही. मग १९३७ मध्ये एन्द्रे वाइसफेल्ड या हंगेरियन पोरानं सांगितलेली, पायरीपायरीनं जवळ सरकत जायची रीत वापरावी लागते. संगणक ती आजही वापरतात.

या फळीची खरी गंमत लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. दोरा लांब असो की आखूड, त्याची ओढ तेवढीच असते. एक किलोचं वजन वीतभर अंतरावरून एका किलोनं ओढतं आणि हातभर अंतरावरूनही एका किलोनंच. गाठीला अंतर कळत नाही. तिला कळते दिशा. म्हणजे एखादं भोक त्याच रेषेत आणखी लांब सरकवलं तर गाठ जागची हलत नाही. आता नकाशा पाहा. मुंबईतून नाशिककडे निघालेला महामार्ग पुढं धुळे, इंदूर करत आग्र्याला जातो. माल नाशिकला जायचा असो की धुळ्याला की इंदूरला, गोदामाला ओढणारा हात एकाच दिशेनं येतो. हजार किलोमीटरवरचं गिऱ्हाईक आणि दीडशे किलोमीटरवरचं गिऱ्हाईक, दोघांची टनामागची ओढ सारखीच. भिवंडी या रस्त्याच्या तोंडाशी बसलीय, आणि तिच्याच पाठीला ठाणे-मुंबई आहे. पुण्या-गोव्याकडच्या दिशेला अशीच दुसरी गाठ पडते ती पनवेल-तळोजा-रसायनीच्या पट्ट्यात.

इथं एक चोख आक्षेप निघतो. गोदामात जेवढा माल येतो तेवढाच बाहेर पडतो. मग बंदराकडची ओढ ही बाकीच्या सगळ्या ओढींच्या बेरजेएवढी झाली. त्या ओढी वेगवेगळ्या दिशांनी असल्यानं एकमेकींना थोड्या खातात. म्हणजे जिंकायला हवं बंदरानं, आणि गाठ थेट बंदराच्या भोकात जाऊन अडकायला हवी! वेबरच्या हिशेबात असं होतंही. वजन फक्त टनाचं नसतं, टनाला किलोमीटरमागे पडणाऱ्या भाड्याचं असतं, हे ध्यानात घेतलं की गाठ सुटते. भरलेला चाळीस फुटी कंटेनर एका ट्रेलरवर वीस-पंचवीस टन घेऊन जातो. एक ड्रायव्हर, एक टोल. तोच माल फोडून टेम्पोंत भरला की प्रत्येक टेम्पोला वेगळा ड्रायव्हर, वेगळं डिझेल, आणि मुलुंडच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेपर्यंत वेगळा मनस्ताप. येताना टन स्वस्त, जाताना महाग. म्हणून गिऱ्हाइकाकडचं वजन जड होतं आणि गाठ बंदरापासून निसटून शहराच्या वेशीकडे सरकते.

जाता जाता: अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बंदरामागे हाच खेळ मोठ्या पटावर चालतो. तिथं समुद्रावरून आलेले चाळीस फुटी डबे आत शंभरेक किलोमीटरवर उघडतात आणि तीन डब्यांतला माल साधारण दोन त्रेपन्न फुटी ट्रेलरमध्ये बसवून देशभर पाठवतात. तीन भाडी जाऊन दोन राहिली की डबा लवकर फोडणं परवडतं. आपल्याकडे पुढची गाडी कंटेनरहून लहान, म्हणून आपली गाठ वेगळीकडे पडते.

आता फळीला जे अजिबात समजत नाही ते. ट्रकवाल्याचं अंतर किलोमीटरमध्ये नसतंच, ते फेऱ्यांमध्ये असतं. एक ठोकळ हिशेब मांडू. दिवसाला ट्रेलर बारा तास कामाचा. बंदराच्या गेटवर आणि गोदामाच्या दारात मिळून एका फेरीत चार तास खोळंबा. रस्त्यावर सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटर; उरण-पनवेल पट्ट्यातली गर्दी पाहिलेला माणूस याला उदार अंदाज म्हणेल. गोदाम पंचवीस किलोमीटरवर असेल तर जायला-यायला दोन तास, खोळंबा चार, एकूण सहा. दिवसाला दोन फेऱ्या बसल्या. तेच गोदाम तीस किलोमीटरवर नेलं तर फेरीला सहा तास चोवीस मिनिटं लागतात आणि दुसरी फेरी बसतच नाही! मग तीस किलोमीटर असो, साठ असो की शंभर, गाडी दिवसाला एकच फेरी मारणार. डिझेल थोडं जास्त जळेल, पण गाडीचा हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा हे सगळं दिवसावर चालतं. म्हणून द्रोणागिरी-जासईच्या आसपास बंदराला चिकटून एक दाट पुंजका दिसतो आणि मग लांब जाऊन दुसरा. पाच किलोमीटरनं खर्च दुप्पट होतो आणि पुढचे सत्तर किलोमीटर जवळजवळ फुकट पडतात, ही गोष्ट शाळेच्या भूगोलात मला कुणी सांगितली नव्हती. त्यात ठाण्यातून अवजड वाहनं ठरावीक वेळीच सोडतात. वेळ हुकली की ट्रेलर कडेला उभा, आणि नकाशावरचं अंतर काहीही असो, फेरी बुडाली.

बंदराजवळच्या पुंजक्याला आणखी एक कारण आहे, ते कायद्याचं. जहाजातून उतरलेला माल शुल्क भरून कस्टमच्या ताब्यातून सुटेपर्यंत, कागदोपत्री, देशात आलेलाच नसतो. तोवर तो ज्या अधिसूचित आवारांत ठेवतात त्यांना सगळे सीएफएस म्हणतात, आणि ती न्हावा-शेवाच्या भोवती डझनावारी उभी राहिली. मग सरकारनं आयातदारांना कंटेनर थेट बंदरातूनच उचलायची मुभा दिली. २०१६ नंतर तिनं चांगलाच जोर धरला. जमीन तीच, रस्ता तोच, पण एका परिपत्रकानं सीएफएसच्या दोऱ्याचं वजन हलकं झालं. उलटही घडतं. नागपूरच्या अजनीत, न्हावा-शेवापासून आठशेवर किलोमीटर आत, कस्टमचे अधिकारी बसतात. माल तिथं सील होतो आणि रेल्वेनं न्हावा-शेवाला येऊन थेट जहाजावर चढतो. बंदर प्राधिकरणानंही जालना आणि वर्ध्याजवळ सिंदी इथं अशीच कोरडी बंदरं हाती घेतली. पाण्याचा थेंब नसलेली बंदरं! कस्टमचा शिक्का किनाऱ्यावरून उचलून विदर्भात ठेवता येतो, आणि शिक्का सरकला की गोदाम सरकतं.

भिवंडीचं कूळही असंच कराच्या कागदात सापडतं. ३० जून २०१७ पर्यंत मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होती. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या त्या याच पायी. मग व्यापाऱ्यानं सोपी युक्ती काढली: माल नाक्याच्या अलीकडे ठेवायचा, विकला जाईल तेवढाच आत न्यायचा. नाक्याबाहेर, महामार्गाला लागून, ग्रामपंचायतींची स्वस्त जमीन कुठं होती? काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, वळ, दापोडा. भातखाचरांवर पत्र्याचे गाळे उभे राहिले. परवानगीचे कागद बऱ्याच ठिकाणी मागाहून आले किंवा आलेच नाहीत. शिवाय परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर बसायचा, म्हणून मोठी कंपनी जवळपास प्रत्येक राज्यात स्वतःचं गोदाम ठेवायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा कर आणि मुंबईची जकात, दोन्ही एका रात्रीत गेले.

फळीच्या हिशेबानं भिवंडीचा एक दोराच तुटला होता. गाठ सरकायला हवी होती. ती सरकली नाही, उलट गोदामं वाढली आणि मोठी झाली. राज्याराज्यांतली किरकोळ गोदामं मिटवून कंपन्यांनी थोडी आणि अवाढव्य बांधायला घेतली, आणि त्यासाठी त्या तिथंच आल्या जिथं आधीपासून सगळं होतं: ट्रान्सपोर्टवाले, टायर पंक्चर काढणारे, रात्री दोनला जेवण देणारे ढाबे, परतीचं भाडं जुळवून देणारे दलाल आणि माल चढवणारे-उतरवणारे हात. या हातांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्याचं ते फळ. वस्ती एकदा जमली की वस्ती हेच वजन होतं. जकातीनं गाठ ओढून आणली, जकात गेली, आणि गाठ तिथंच रुतली. अर्थशास्त्रात याला भारदस्त नावं आहेत. मला यात गावाचा आठवडी बाजार दिसतो, जो कुणा राजानं भरवला ते विसरलं तरी दर मंगळवारी भरतच राहतो.

आतापर्यंत आपण जमीन सपाट फळीसारखी धरली. पायाखाली मात्र भानगड आहे. उरण-न्हावाच्या खाडीकाठी ठिकठिकाणी समुद्री चिखलाचा थर आहे. हा चिखल पाणी सोडत सोडत वर्षानुवर्षं खचत राहतो. घरापुरतं हे चालतं, खांब खोल नेता येतात. गोदामात मात्र भार पेलते ती फरशी. आजच्या चांगल्या गोदामाची फरशी चौरस मीटरला पाच टन पेलेल अशी मागतात आणि छत बाराएक मीटर उंच. रॅकमधल्या अरुंद बोळातून उंच फोर्कलिफ्ट चालते. तिची चाकं दीड मीटरच्या अंतरावर धरा. एका चाकाखाली फरशी फक्त तीन मिलिमीटर खाली असेल, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी, तर दहा मीटर उंचीवर तिच्या खांबाचं टोक दोन सेंटिमीटर कलतं. वर टनभर माल असतो आणि बोळात दोन्हीकडे जेमतेम जागा. त्यामुळे अशा जमिनीवर बांधायचं तर आधी प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या मीटर-दीड मीटर अंतरावर चिखलात खोलवर खुपसतात, वर मातीचा डोंगर रचतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात. दाबानं चिखलातलं पाणी त्या पट्ट्यांतून वर चढतं, जमीन आधीच बसून घेते. मग डोंगर काढायचा आणि बांधकाम. ही वाट पाहणंही भाड्यात धरावं लागतं. भिवंडीकडे बऱ्याच जागी थोडं खणलं की मुरूम नि काळा कातळ लागतो. सह्याद्रीच्या लाव्ह्यानं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जे अंथरलं, त्याचा फायदा आज मोबाईलच्या खोक्यांना होतोय.

चिखलावर कांदळवन असेल तर प्रश्नच मिटतो, निदान मिटायला हवा. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर आणि भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यातल्या बांधकामावर बंदी घातली, २०१८ च्या निकालात ती पक्की केली.

आणि जागा निवडणाऱ्यांच्या अहवालांत एक शब्द हमखास येतो, ‘रिकामी जमीन’. मला तो खपत नाही. न्हावा, शेवा, जासई, नवघर ही आगरी-कोळ्यांची गावं. तिथं भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत मासळी होती. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. विकसित जमिनीतले साडेबारा टक्के मूळ मालकाला परत द्यायचे, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. वेबरच्या फळीला या पाच माणसांसाठी भोक नाही, आणि ती जागा ‘सर्वांत स्वस्त’ होती असं म्हणताना कुणासाठी, हे विचारलंच पाहिजे.

सगळाच माल बंदराकडे पाहत नाही, हेही सांगायला हवं. नाशिकचं द्राक्ष घ्या. घडाला वेलीवरून उतरवल्यावर काही तासांत थंड करावं लागतं, नाहीतर देठ सुकतो आणि युरोपातला ग्राहक नाक मुरडतो. म्हणून पॅकहाऊस बागांजवळ, शीतगृह तिथंच, रीफर म्हणजे थंड कंटेनर तिथंच भरून बंद होतो आणि बंदरात फक्त जहाज गाठायला येतो. द्राक्षाच्या दोऱ्यावर टनाचं वजन थोडं, घड्याळाचं जास्त.

आता फळीला नवं भोक पडतंय. डहाणूजवळ वाढवण इथं नव्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. अंदाजित खर्च ७६ हजार २०० कोटींच्या घरात. किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणजे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं लागू शकतील. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आणि ठाम आहे. बंदर उभं राहिलं तर मुंबईकडे येणारा काही माल न्हावा-शेवाऐवजी उत्तरेकडून येईल. गोदामवाल्यांचा पहिला विचार असा की गाठ आता पालघर-मनोरकडे सरकणार. पण दिशेचा नियम लावून पाहा. वाढवणहून ठाण्याकडे जाणारा माल आजच्या रस्त्यांनी खाली उतरतो तो भिवंडीच्याच बाजूला. म्हणजे भिवंडीला बंदर दक्षिणेला होतं, आता उत्तरेलाही असेल, आणि ती दोघांच्या मधे. तिचं महत्त्व टिकेल की नाही हे ठरवतील दोन गोष्टी: वडोदऱ्याहून पालघर, बदलापूर करत न्हावा-शेवाकडे येणारा नवा द्रुतगती मार्ग, जो माल भिवंडीच्या बाजूनं सरळ पुढे काढून नेऊ शकतो, आणि महामार्गावरून भिवंडीत शिरायचा चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता. ट्रेलर घेऊन पावसाळ्यात त्या रस्त्यावरून गेलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, यातली कुठली गोष्ट आधी सुधारायला हवी. तो फेऱ्यांत उत्तर देईल.